सिस्टीम जोडायच्या कशा? रेस्ट, सोप, जीआरपीसी, रांग आणि फाइल: लातूरच्या सोयाबीन प्लांटचं उदाहरण घेऊन

लातूर, जालना, नांदेड, वाळूज या भागात सॉफ्टवेअरचं काम घेऊन जो येतो, त्याच्याकडे बहुतेक सगळं आधीपासून असतं. काट्यावर एक कॉम्प्युटर, हिशेबाला टॅली, लॅबमध्ये एक्सेलची शीट, मालकाच्या मोबाइलवर एखादं ॲप. त्याचं मागणं एवढंच असतं की काट्यावर झालेलं वजन पुन्हा तीन ठिकाणी टाइप करायला लागू नये. म्हणजे काम जोडणीचं असतं. आणि पहिल्याच बैठकीत प्रश्न निघतो, ‘रेस्ट वापरायचं की जीआरपीसी?’, म्हणजे दोन सिस्टीमनी एकमेकींशी कुठल्या शैलीत बोलायचं? अख्ख्या सिस्टीमसाठी हा प्रश्न एकदाच विचारला की हमखास गडबड होते. तो प्रत्येक सांध्याला, म्हणजे दोन सिस्टीम जिथे जोडल्या जातात त्या प्रत्येक जागेला, वेगळा विचारायचा असतो. कसा, ते पुढे करून दाखवतो.

उदाहरण म्हणून लातूर एमआयडीसीतला एक मध्यम सोयाबीन प्लांट धरू. माल येतो, काट्यावर चढतो, लॅबमध्ये ओलावा बघतात, माल उतरतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते, पट्टी होते, पैसे जातात. दुसऱ्या टोकाला तेल विकलं जातं आणि त्याचं बिल निघतं.

पहिली पायरी: सांधे कागदावर काढा

कोड लिहायच्या आधी एका कागदावर माल आणि पैसा यांचा रस्ता काढा. माहिती जिथे एका सिस्टीममधून दुसरीत जाते, तिथे खूण करा. आपल्या प्लांटमध्ये हे सांधे निघतात: काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारं यंत्र) ते काट्यावरचा कॉम्प्युटर, तो कॉम्प्युटर ते सर्व्हर, लॅब ते सर्व्हर, सर्व्हर ते टॅली, सर्व्हर ते जीएसटीच्या ई-इनव्हॉइसचं पोर्टल, सर्व्हर ते बँक, सर्व्हर ते मोबाइल ॲप आणि गोदामातले तापमानाचे सेन्सर ते सर्व्हर.

हा कागद ऑफिसात बसून काढू नका. काट्यावरच्या माणसाशेजारी अर्धा दिवस बसा. गाडी डुलत असते तोवर आकडा नाचत असतो आणि तो स्थिर झाल्यावरच नोंद घ्यायची असते, हे तिथेच दिसतं. इंडिकेटर आपल्या सिरियल पोर्टवरून सेकंदाला कितीतरी वेळा वजन फेकत असतो. त्यातलं कुठलं वाचन खरं धरायचं, हा निर्णय पहिल्याच सांध्यावर घ्यावा लागतो. पुढची कुठलीही शैली चुकीचं वजन बरोबर करून देत नाही.

दुसरी पायरी: प्रत्येक सांध्याला चार प्रश्न

एक, कोण कोणासाठी थांबतं? दोन, मधली लाइन तुटली तर काम थांबलं तर चालेल का? तीन, पलीकडची सिस्टीम कोणाच्या हातात आहे, आपल्या की दुसऱ्याच्या? चार, दिवसाला किती व्यवहार?

चौथा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात, पण आपल्याकडच्या कामात त्याचं वजन सगळ्यात कमी. मध्यम प्लांटच्या काट्यावर ऐन हंगामात दिवसाला काहीशे गाड्या झाल्या तरी साधा सर्व्हर तो भार सहज पेलतो. निर्णय ठरतो तो दुसऱ्या प्रश्नावर. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची आवक जोरात असते, गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, आणि तेव्हाच लाइट जाते किंवा फायबर तुटतो. तेवढ्यात काटा बंद ठेवायला कोणीही तयार होणार नाही, होऊही नये. म्हणजे काट्यानं सर्व्हरची वाट बघायची नाही, हे इथेच ठरलं.

उलट ई-इनव्हॉइसच्या सांध्यावर थांबावंच लागतं. पोर्टलनं सही केलेला क्यूआर कोड आल्याशिवाय बिल पूर्ण होत नाही आणि टँकर गेटबाहेर काढता येत नाही. दोन्ही सांधे एकाच प्लांटमधले, तरी उत्तरं अगदी वेगळी.

तिसरी पायरी: शैली सांध्याशी ताडून बघा

रेस्टपासून सुरुवात करू, कारण बहुतेक कामं तिथेच येतात. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत सादर केलेल्या पीएचडीच्या प्रबंधात ही शैली मांडली. तिचे नियम थोडे आहेत: क्लायंट (मागणी करणारा) आणि सर्व्हर (उत्तर देणारा) वेगळे, प्रत्येक मागणी स्वतःपुरती पूर्ण, उत्तर साठवता येतं की नाही हे स्पष्ट, सगळीकडे एकच ठरलेली बोलण्याची पद्धत, आणि मध्ये कितीही थर घालता येतात. यातला ‘मागणी स्वतःपुरती पूर्ण’ हा नियम आपल्याकडे सोन्याचा आहे. सर्व्हर रीस्टार्ट झाला, नेट दहा मिनिटं गेलं, तरी पुढची मागणी आधीच्या संभाषणावर अवलंबून नसते. जिथे तुटलं तिथून पुढे चालू.

बाजारात जे रेस्ट म्हणून विकतात ते पुष्कळदा नुसतं एचटीटीपीवरून (वेबवर मागणी आणि उत्तर पाठवायची ठरलेली पद्धत) जाणारं जेसन (माहिती मजकुराच्या रूपात लिहायची एक मांडणी) असतं. माझी त्याला हरकत नाही. पण एचटीटीपीच्या क्रियांचे अर्थ मात्र पाळा. ‘गेट’ म्हणजे नुसती माहिती मागणं, त्यानं काही बदलत नाही. ‘पुट’ (ठरलेल्या पत्त्यावर नोंद ठेवणं) आणि ‘डिलीट’ (ती काढणं) कितीही वेळा पाठवले तरी परिणाम एकदाच होतो. ‘पोस्ट’ला (नवी नोंद करायला सर्व्हरला सांगणं) ही हमी नाही. काट्याच्या पावतीसाठी हा फरक फार कामाचा आहे.

पावतीचा क्रमांक सर्व्हरनं द्यायचा ठरवलं तर काटा पोस्ट करतो आणि उत्तराची वाट बघतो. मागणी पोहोचली, पावती नोंदली गेली, आणि उत्तर परत येताना नेट गेलं. काट्याला वाटतं काहीच झालं नाही, तो पुन्हा पाठवतो, आणि एका ट्रॉलीच्या दोन पावत्या होतात. शेतकऱ्याला दुप्पट पैसे, किंवा हिशेबात न जुळणारे चाळीस क्विंटल. म्हणून क्रमांक काट्यानंच तयार करावा, उदाहरणार्थ ‘काटा१-२५२६-००४१२’, म्हणजे कुठला काटा, कुठलं आर्थिक वर्ष, कितवी पावती. मग मागणी अशी जाते: पुट /पावत्या/काटा१-२५२६-००४१२. पहिल्यांदा सर्व्हर २०१ देतो, म्हणजे नवी नोंद झाली. तीच मागणी पुन्हा आली आणि मजकूर तोच असला तर २००, म्हणजे माझ्याकडे आहे, पुढे चला. क्रमांक तोच पण वजन वेगळं आलं तर ४०९, आणि तिथे माणसानं बघायचं. या तीन उत्तरांत दुबार पावतीचा प्रश्न मुळापासून मिटतो.

उत्तरांचे कोड नीट वापरले की काट्यावरच्या प्रोग्रॅमला पुन्हा पाठवायचं की नाही हे आपोआप कळतं. ५०० च्या घरातलं उत्तर आलं तर थोडं थांबून परत पाठवा, दर वेळी थांबण्याचा वेळ वाढवत न्या. ४०० च्या घरातलं आलं तर मागणीतच चूक आहे, हजारदा पाठवून उपयोग नाही. अपवाद ४०८ आणि ४२९ चा. ४०८ म्हणजे मागणी वेळेत पूर्ण पोहोचली नाही, आणि ४२९ म्हणजे ‘फार भराभर पाठवताय, दमानं घ्या’.

सोप. याला जुनं म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. १९९८ च्या सुमाराला ही पद्धत आकाराला आली आणि १.२ ही आवृत्ती २००३ साली डब्ल्यूथ्रीसीची (वेबची मानकं ठरवणारी संस्था) अधिकृत शिफारस झाली. एक्सएमएलचं (खुणांमध्ये माहिती लिहायची मांडणी) पाकीट, त्यात हेडर आणि बॉडी, आणि सोबत डब्ल्यूएसडीएल नावाची फाइल. कुठल्या क्रिया आहेत आणि कुठला रकाना कुठल्या प्रकारचा, हे त्यात यंत्राला वाचता येईल असं लिहिलेलं असतं. वाळूजला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला एखाद्या मोठ्या कंपनीकडून डब्ल्यूएसडीएल आली, तर वाद घालू नका. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘पलीकडची सिस्टीम त्यांच्या हातात’ असं आहे. फाइलवरून क्लायंट कोड आपोआप तयार करून घ्या, त्याभोवती आपलं एक पातळ आवरण लिहा, आणि बाकीच्या प्रोग्रॅमला एक्सएमएल दिसूच देऊ नका.

एक सूक्ष्म गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सोप १.१ मध्ये चूक कोणाचीही असो, एचटीटीपीचा कोड ५०० च येतो. रेस्टच्या सवयीनं ‘५०० आलं, पुन्हा पाठवा’ असं लिहिलंत तर चुकीचा पार्ट नंबर रात्रभर पाठवत बसाल. उत्तराच्या आतला फॉल्ट, म्हणजे चुकीचा तपशील, उघडून बघा. ‘क्लायंट’ लिहिलं असेल तर चूक आपली, ‘सर्व्हर’ लिहिलं असेल तर त्यांची. १.२ मध्ये हेच शब्द ‘सेंडर’ आणि ‘रिसीव्हर’ झाले आहेत.

टॅलीचा सांधा दिसायला सोपसारखा, पण सोप नाही. टॅली स्वतःच एचटीटीपी सर्व्हर होऊन बसते, नेहमीचा पोर्ट ९०००, आणि एक्सएमएलचं पाकीट घेते. डब्ल्यूएसडीएल वगैरे काही नाही. कंपनी टॅलीत उघडी असावी लागते, नाहीतर नोंद जाणार नाही. उत्तराचा वरचा कोड २०० आला म्हणून नोंद झाली असं समजू नका. आत ‘क्रिएटेड’, ‘अल्टर्ड’ आणि ‘एरर्स’ असे आकडे येतात. क्रिएटेड १ आणि एरर्स ० असेल तरच व्हाउचर पडलं. लेजरच्या नावात एक स्पेस जास्त असली तरी व्हाउचर अडतं आणि कोड मात्र २०० दिसतो. पुन्हा पाठवण्याआधी आपला पावती क्रमांक टॅलीत आहे का ते शोधा, मगच पाठवा.

ई-इनव्हॉइसकडे बघा, कारण दुबार नोंद कशी अडवावी याचा नमुनाच आहे तो. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेल्यांना व्यापाऱ्या-व्यापाऱ्यातल्या बिलांसाठी तो लागतो. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांच्यापासून ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, तयार होतो. त्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा पाठवलं तर पोर्टल २१५० हा त्रुटी कोड देऊन ते दुबार असल्याचं सांगतं. उत्तर वाटेत हरवलं तर घाबरायचं कारण नाही. पुन्हा पाठवा, आणि २१५० आला तर तो अपयश म्हणून लॉगमध्ये न टाकता आधीच्या बिलाचा आयआरएन उचलून घ्या. बिल क्रमांक १६ अक्षरांच्या आत बसवावा लागतो, तेव्हा क्रमांकाची रचना ठरवताना हे आधीच बघा. आयआरएन रद्द करायला पोर्टलवर २४ तास मिळतात. लॉगिनचं टोकन सहा तास चालतं, दर बिलाला नवं मागू नका.

जीआरपीसीबद्दल थोडक्यात. एका प्रोग्रॅमनं दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं काम थेट हाक मारून करून घ्यायची ही पद्धत, गूगलनं २०१५ साली ती खुली केली. खाली एचटीटीपी/२, आणि माहिती प्रोटोकॉल बफर्सच्या बायनरी रूपात. आपल्याच हातातल्या, एकाच जागी चालणाऱ्या बऱ्याच सेवा एकमेकींशी सतत बोलत असतील तर वेग आणि काटेकोर करार दोन्ही मिळतात. ब्राउझरमधून थेट बोलता येत नाही, मध्ये प्रॉक्सी, म्हणजे एक मध्यस्थ प्रोग्रॅम, लागतो. आपल्या प्लांटला त्याची गरज नाही. पण त्यातली एक सवय कुठेही उचला: प्रत्येक कॉलला मुदत द्या. मुदत नसलेला कॉल अडकून बसतो आणि त्याच्यामागे बाकी सगळे.

ग्राफक्यूएल फेसबुकनं २०१२ मध्ये स्वतःच्या मोबाइल ॲपसाठी केलं आणि २०१५ मध्ये सगळ्यांना दिलं. क्लायंट हवे तेवढेच रकाने मागतो आणि एका फेरीत सगळं मिळतं. पन्नास तऱ्हेचे स्क्रीन आणि वेगवेगळ्या टीम असतील तर त्याचा फायदा दिसतो. मालकाच्या ॲपला मात्र आजची आवक, सरासरी ओलावा, देणं बाकी आणि टाकीतलं तेल एवढंच एका नजरेत हवं असतं. त्याला गेट /आजचा-सारांश असा एक पत्ता पुरतो. ॲप ते उत्तर साठवून ठेवू शकतं आणि औसा रोडवर रेंज गेली तरी शेवटचा आकडा दाखवू शकतं. ग्राफक्यूएल घेतलंच, तर प्रत्येक पावतीसाठी डेटाबेसला वेगळा प्रश्न जात नाही ना, हे पहिल्या दिवशी तपासा.

चौथी पायरी: जिथे थांबता येत नाही, तिथे रांग

काटा ते सर्व्हर हा सगळ्यात नाजूक सांधा. इथे थेट कॉल करायचा नाही. काट्यावरच्या कॉम्प्युटरवर एसक्यूलाइटचा छोटा डेटाबेस ठेवा. पावती छापताना एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन गोष्टी लिहा: पावतीच्या तक्त्यात पावती आणि ‘पाठवायच्या’ तक्त्यात तिची एक ओळ. दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. मग मागे चालणारा एक छोटा प्रोग्रॅम त्या ओळी क्रमानं उचलतो, पुट करतो, २०० किंवा २०१ आलं की ओळीवर ‘पोहोचली’ अशी खूण करतो. हीच आपली रांग. नेट नसेल तर ओळी साचतात, काटा चालूच राहतो. छोट्या यूपीएसवर काट्याचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर ठेवला की लाइट गेल्यावरही तेवढा वेळ पावती निघते.

या पद्धतीत संदेश निदान एकदा पोहोचेल अशी हमी मिळते, पण कधी दोनदाही पोहोचतो. म्हणूनच वर पुट आणि काट्याचा स्वतःचा क्रमांक ठरवला. या दोन गोष्टी जोडीनंच यायला हव्यात. रांग आहे पण दुबार ओळखायची सोय नाही, अशी सिस्टीम रांग नसलेल्या सिस्टीमपेक्षा धोक्याची.

क्रमाचंही बघा. भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन या दोन घटना आहेत. रिकामं आधी पोहोचलं तर सर्व्हरनं ते नाकारू नये, बाजूला ठेवून जोडीदाराची वाट बघावी.

काफ्का, रॅबिटएमक्यू ही संदेशांची रांग सांभाळणारी चांगली साधनं आहेत. पण ती चालवायला, बघायला, बिघडली तर दुरुस्त करायला गावात माणूस लागतो. एका प्लांटला डेटाबेसमधला एक तक्ता पुष्कळ झाला. गोदामातल्या सेन्सरांसाठी मात्र एमक्यूटीटी ही छोटे संदेश पाठवायची हलकी पद्धत घ्या. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ साली ते तेलाच्या पाइपलाइनवर, उपग्रहाच्या महागड्या आणि तुटक्या लाइनवरून देखरेख करायला तयार केलं होतं. कमकुवत नेटवर ते त्यामुळेच तग धरतं. तापमानाचं एखादं वाचन हरवलं तर बिघडत नाही, तेव्हा सेवेची सगळ्यात खालची पातळी पुरते. धोक्याच्या इशाऱ्याला पातळी १ (निदान एकदा पोहोचण्याची हमी) ठेवा.

पाचवी पायरी: फाइलला कमी लेखू नका

शेतकऱ्यांचे पैसे बँकेत पाठवायला बहुतेक ठिकाणी फाइलच लागते, आणि ती या कामाला शोभते. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, पण व्यवहार अजूनही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांनीच निपटतात, दिवसाला ४८. मग आपल्या बाजूनं सेकंदात पोहोचवण्याची घाई कशाला? शिवाय एकानं फाइल चढवायची आणि दुसऱ्यानं मंजूर करायची, ही पैशाच्या कामातली शिस्त फाइलमध्ये आपोआप सांभाळली जाते.

फाइल आधी तात्पुरत्या नावानं लिहा, पूर्ण झाली की नाव बदला, म्हणजे अर्धवट फाइल कोणी उचलणार नाही. शेवटच्या ओळीत एकूण नोंदी आणि एकूण रक्कम द्या. त्याच नावाची फाइल दुसऱ्यांदा घेऊ नका. बँकेकडून परत येणाऱ्या फाइलमधला यूटीआर क्रमांक (बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) पावतीवर चढवा. शेतकरी पट्टी घेऊन विचारायला आला तर हाच क्रमांक त्याच्या हातात द्यायचा असतो.

एकाच डेटाबेसमध्ये सगळ्यांनी हात घालायचा मोह होईल, विशेषतः काट्याचं जुनं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या डेटाबेसमध्ये माहिती ठेवत असेल तर. दुसरा इलाज नसेल तर फक्त वाचा, तेही एकाच जागेवरून. लिहू कधीच नका.

सहावी पायरी: करार लिहून काढा

शैली कुठलीही घ्या, रकान्यांचा करार दोन पानांत लिहा आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना वाचायला लावा. वजन किलोत की क्विंटलमध्ये? ओलावा १२ म्हणजे १२ टक्के, की ०.१२? कपात ओलाव्यावरून कोण काढणार, लॅब की सर्व्हर? रक्कम पैशांत पूर्णांकानं ठेवा, दशांशाचे घोळ टळतात. वेळ +०५:३० (भारतीय वेळेची खूण) सकट लिहा.

नावांचं वेगळं दुखणं आहे. आपल्याकडच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये शेतकऱ्यांची नावं कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. स्क्रीनवर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचा काला असतो. तो तसाच बँकेच्या फाइलमध्ये गेला तर नाव जुळणार नाही. युनिकोडमध्ये बदलणं हे जोडणीच्या आधीचं काम आहे. बदललेली यादी गावची माहिती असलेल्या माणसाकडून तपासून घ्या, कारण जोडाक्षरं आणि रफार तिथेच चुकतात.

सातवी पायरी: तोडून बघा

हंगामाच्या आधी, सप्टेंबरात, रिकामा ट्रॅक्टर काट्यावर घेऊन हे करा. पावती छापता छापता नेटची वायर काढा. सर्व्हरनं नोंद केल्यावर, पण उत्तर देण्याआधी, त्याला बंद करा. तीच पावती दोनदा पाठवा. काट्याच्या कॉम्प्युटरचं घड्याळ एक दिवस मागे करा. टॅलीत कंपनी बंद ठेवा. दर वेळी शेवटी एकच बघायचं: काट्यावरच्या पावत्या, सर्व्हरवरच्या पावत्या आणि टॅलीतली व्हाउचर यांची संख्या आणि निव्वळ वजन जुळतं का.

ही जुळवणी नुसत्या चाचणीपुरती ठेवू नका. रोज रात्री ती आपोआप चालू द्या. फरक आला तर मुनीमजींच्या मोबाइलवर मेसेज जावा, आणि त्यात पावतीचा क्रमांक, गाडी नंबर आणि कुठल्या दोन जागी फरक आहे तेवढं मराठीत असावं. ‘एरर ५००’ वाचून ते काय करणार?

सुरुवात काटा ते सर्व्हर या सांध्यानं करा, तो पंधरा दिवस नीट चालला की टॅली, मग बँकेची फाइल. ई-इनव्हॉइसचं पोर्टल चाचणीची वेगळी जागा देतं, ते काम समांतर चालवता येतं. मालकाचं ॲप सगळ्यात शेवटी, त्यांनी सगळ्यात आधी मागितलं असलं तरी. आणि पहिला हंगाम संपेपर्यंत काट्यावरचं हातानं लिहायचं रजिस्टर बंद करू नका.